गाळाचे ट्रॅक्टर थांबव

नाशिक, चैत्र

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. गिरणाकाठच्या तुमच्या दोन एकरांतून ठेकेदाराने वाळू आणि गोटे उपसून नेल्यावर जे उरलंय ते फोटोतसुद्धा बघवत नाही. धरणातला गाळ फुकट मिळतोय, फक्त वाहतुकीचं बघायचं, पुढच्या आठवड्यात टाकून घेते आणि मृगात डाळिंब लावते, असं लिहिलंयस. आधी फोनच करणार होतो. पण फोनवर तू 'हो काका, हो काका' म्हणशील आणि ट्रॅक्टरवाल्याला उचल देऊन मोकळी होशील. म्हणून लिहितोय. गाळ थांबव.

हीच चूक मी स्वतः केलेली आहे. २०१७ साली गाळमुक्त धरणाची योजना आली तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. उभी हयात मृदसंधारणात गेलेली, त्यामुळे मला कोण शिकवणार! सासुरवाडीला मुरमाची जुनी खाण होती. तळ तसाच ठेवला आणि वर दीड फूट गाळ पसरला. दिसायला काळंभोर, लोक बघायला यायचे. दुसऱ्या पावसाळ्यात डाळिंबं पिवळी पडली. एका झाडाच्या बुडाशी खणलं तर दीड फुटावर नुसता राडा, मातीला गटारीचा वास, मुळं काळी पडलेली आणि त्यांची साल बोटांनी निसटत होती. आणखी वीतभर खाली गेलो, तर मुरूम कोरडा ठणठणीत.

हे नीट समजून घे. गाळ चिकण असतो, त्याची छिद्रं फार बारीक. तो पाणी घट्ट धरून ठेवतो आणि स्वतः पुरता चिंब झाल्याशिवाय खालच्या भरड थराला थेंबही देत नाही. आपल्याला वाटतं की खाली गोटेच आहेत, निचरा झकास होईल. होतं उलटंच. त्यात तुमच्याकडचा तळ डंपरच्या चाकांनी दाबून रस्त्यासारखा झालेला असणार.

तेव्हा पहिलं काम पहारीचं. दहा-बारा ठिकाणी पहार मार, ती कुठे शिरते आणि कुठे खणकन परत येते ते वहीत मांड. त्याच ठिकाणी फूटभर खड्डा घेऊन पाण्याने भर, ते जिरल्यावर पुन्हा भर, आणि दुसऱ्या वेळचं पाणी किती वेळात उतरतं ते काडी लावून बघ. तासाला बोटभरही उतरत नसेल तर तिथे काय टाकशील ते फुकट. मग सबसॉयलर, म्हणजे खालचा दाबलेला थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार, लाव, दोन फुटांपर्यंत, उभा-आडवा. तोही वैशाखात, जमीन वाळलेली असताना. ओलीत चालवलास तर ढेकूळ फुटत नाही, नुसती चीर पडते आणि मिटते.

त्यानंतर गाळ, पण एकदम नाही. आधी तीन-चार बोटं गाळ टाकून तो खालच्या मुरमात नांगराने कालवायचा, म्हणजे दोन थरांमधली सरळ रेघ मोडते. मग वरचा थर. किती लागेल त्याचा हिशेब करून बघ. एकरावर एक फूट माती म्हणजे ४३,५६० घनफूट, म्हणजे ४३५ ब्रास. ट्रॉली ब्रासभराची धरली तर एका एकराला सव्वाचारशेच्या वर खेपा. खोदणाऱ्यांनी वरची माती बाजूला रचून ठेवली असती तर यातली एकही खेप लागली नसती. कुठे बांधाकडेला ढीग शिल्लक असेल तर तो मात्र सोन्यासारखा जप आणि सगळ्यात वर पसर. गवत उगवलेलं असलं तरी चालेल, उलट बरंच.

या वर्षी डाळिंब नाही. पुढच्या वर्षीही बहुधा नाहीच. उंच बाजूला ताग, सखल बाजूला धैंचा. तागाला साचलेलं पाणी सोसत नाही, धैंच्याला सोसतं. फुलोऱ्यावर आलं की गाडायचं. दुसऱ्या वर्षी बाजरी किंवा तूर घेऊन बघ. मका नको, हलक्या रानात त्याची भूक आपल्याच्याने भागत नाही.

काठाचं जास्त जपून कर. फोटोत नदी आणि खड्डा यांच्यामध्ये एक अरुंद भिंत उरलेली दिसते. ती सपाट करून माती आत ढकलायची असं जेसीबीवाला सुचवेल, कारण त्याला ते सोपं. पुरात नदी तिथूनच आत शिरेल आणि खड्डाच तिचा रस्ता होईल. भिंत ठेव, आतल्या बाजूने एक फूट उंचीला तीन फूट असा उतार दे. खालच्या अंगाला दगड रचून सांडवा कर, म्हणजे पुराचं पाणी आलंच तर मागून, संथपणे चढेल. उतारावर वाळ्याच्या ओळी, वर करंज आणि निरगुडी, अगदी पाण्यालगत वाळुंज आणि शेरणी. ही दोन्ही नदीची स्वतःची झाडं, पुरात आडवी होतात आणि पुन्हा उठतात. सुबाभूळ फुकट मिळाली तरी घेऊ नकोस. वरच्या टोकाला मातीचा एक उभा कडा दिसतो, त्यात भोकं आहेत. वेडे राघू असतील. तो तेवढा राहू दे. त्याने तुझं काही अडत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न: नदीपात्रातले खड्डेही भरायचे का? नाही. पात्रात माती आणि बांधकामाचा राडारोडा टाकणं म्हणजे जखमेत चिंध्या कोंबणं. तिथे फक्त उपसा थांबवायचा, बाकीचं पूर करतो. मात्र सावकाश करतो. आपला खडक काळा, तो झिजला की माती जास्त आणि वाळू थोडी निघते. त्यातली बरीच वर धरणांत अडते. म्हणून आपल्या नद्यांतली वाळू कोकणातल्या पावसासारखी दरवर्षी नव्याने येईल असं धरून चालू नकोस. एक ब्रास वाळूत तीसेक घनफूट पोकळी असते, म्हणजे साडेआठशे लिटर पाण्याची जागा. तुमची काठावरची विहीर फेब्रुवारीतच का तळ गाठायला लागली, ते या हिशेबात बघ.

कागदांचंही बघून ठेव. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ ला पाच हेक्टरांच्या आतल्या गौण खनिजाच्या, म्हणजे वाळू-मुरमासारख्या, खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल असा आदेश दिला. तुमच्या गटात उत्खनन त्यानंतरचं आहे. मंजुरी असेल तर तिच्या अटींत जमीन पूर्ववत करण्याचं लिहिलेलं असतं. माहिती अधिकारात प्रत काढ. मंजुरीच नसेल तर तेही कागदावर आलेलं बरं. खेटे पडतील, पण सबसॉयलरचं काम त्यासाठी अडवून ठेवू नकोस, पाऊस तहसीलदारासाठी थांबत नाही.

एक अवघड गोष्ट राहिली. वडील त्या शेताकडे फिरकत नाहीत, असं तू लिहिलंस. कांदा मातीमोल गेला त्या वर्षी त्यांनी वाळूउपशाच्या कागदावर सही केली, हे मला माहीत आहे. तुला वाटतं त्यांना त्रास नको, आपणच उरकू. पण त्या रानाचा जुना उतार कुठे होता, कुठल्या कोपऱ्यात श्रावणात पाय रुतायचे, काळी माती कुठे कंबरेइतकी आणि कुठे हातभर होती, हे आता कुठल्याच नकाशावर नाही, फक्त त्यांच्या डोक्यात आहे. अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी मी पहिल्या एसटीने कळवणला उतरतो. पहार आणि वही घेऊन ये, आणि त्यांना म्हणावं, काकांना बांध दाखवायचाय.

तुझा,
काका