आज गांजा, उद्या एमडी?

"मॅडम, गांजा पिणारा पोरगा शेवटी ब्राउन शुगरवरच जाते ना?" समुपदेशनाला आलेल्या वडिलांनी खुर्चीत नीट बसायच्या आधीच विचारलं. मुलगा हिंगणा रोडवरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बॅगेच्या आतल्या कप्प्यात आईला गांजाची पुडी आणि सिगारेट वळायचे कागद सापडले होते. नागपुरात एमडी (मेफेड्रोन, नशेची रासायनिक पावडर) पकडल्याच्या बातम्या पेपरात वाचून तिची झोप उडाली होती.

याला सरळ 'हो' म्हणावं तर ते खोटं, आणि 'नाही' म्हणून निर्धास्त करावं तर तेही खोटं. 1975 मध्ये डेनिस कँडल या अमेरिकन संशोधक बाईंनी शाळकरी मुलांचा क्रम मांडला: आधी बिअर-वाइन, मग सिगारेट किंवा कडक दारू, मग गांजा, मग बाकीचं. लोकांनी त्यातली शेवटची पायरी तेवढी उचलली. खालच्या पायऱ्यांवर बसलेलं कुणाला दिसत नाही.

मुलाला एकट्याला बसवून सुरुवात कशी झाली ते विचारलं. "खर्रा, नववीत," तो म्हणाला. खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. पानठेल्यावरून बाबांचा खर्रा आणायला तोच जायचा. पन्नीतला चिमूटभर वाटेतच तोंडात. मग सिगारेट. गांजा बारावीनंतर. हे मी वडिलांना त्याच्या परवानगीने सांगितलं, तेव्हा त्यांचा हात खिशावर गेला आणि तिथेच थांबला.

"आमच्या ग्रुपमधी सगळेच पिऊन राहिले, पण कोणी पुढं गेला नाही," हे त्याचं म्हणणं. यात तथ्य आहे. केंद्र सरकारच्या 2019 च्या पाहणीत भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे 3.1 कोटी निघाले. ते सगळे हेरॉइनकडे (ब्राउन शुगर हे त्याचंच भेसळीचं रूप) गेलेले नाहीत. म्हणून घरी "तू संपलास" असं ओरडलं की पोराचा विश्वासच उडतो. खोटी भीती घातली की खरी भीतीही तो ऐकत नाही.

आणि खरी भीती आहे. 2003 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला. एकाने सतराच्या आत गांजा सुरू केलेला, दुसऱ्याने नाही. लवकर सुरू करणाऱ्यात इतर नशांची शक्यता दोन ते पाच पट आढळली. घर तेच, आईबाप तेच. फरक गांजातल्या रसायनाने पडला की तो मिळवताना जोडलेल्या संगतीने, यावर वाद आजही आहे. माझा कल संगतीच्या बाजूने.

कारण तिसऱ्या भेटीत तो गांजा विकणाऱ्याबद्दल म्हणाला, "मागच्या वेळी त्याच्यापाशी माल नव्हता. म्हणे, हे घेऊन पाह्य, पैसे नंतर दे." हे म्हणजे प्लॅस्टिकच्या बारक्या पाकिटातली पांढरी पावडर. "घेतली?" "नाही. पण नाही असंही नाही म्हटलं." मला धास्ती वाटली ती या वाक्याची. गांजा आणि एमडी एकाच माणसाच्या खिशात असतात, पुढच्या पायरीवर नेणारा तोच.

म्हणून आधी तो नंबर फोनमधून काढला, त्याच्यासमोर, त्याच्याच हातून. मग झोप. मॅथ्स थ्री राहिल्यापासून तो रात्र-रात्र जागायचा आणि झोप यावी म्हणून प्यायचा. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. रोज पिणारा थांबला की पहिले आठ-पंधरा दिवस चिडचिड, भूक मंदावणं, झोप न येणं हे बऱ्याचदा होतं. आईला ते आधी सांगून ठेवलं, नाहीतर घाबरून तिनेच पैसे दिले असते. वडिलांना पोलिसांची धास्ती होती. व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य केंद्रात उपचारांना आला, तर किरकोळ प्रमाणाच्या गुन्ह्यात एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64 ए खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446, तीही कागदावर लिहून दिली.

दिवाळीच्या सुट्टीत त्याने एकदा गांजा प्यायला. हे त्यानेच येऊन सांगितलं. पावडरवाल्याचा फोन परत आला होता, तो उचलला नाही म्हणाला. मॅथ्स थ्री अजून राहिलाच आहे. वडिलांचा खर्रा सुटलेला नाही, फक्त आणायला आता ते स्वतः जातात.