तापाच्या दिवसाचा पगार

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. कामठी रोडच्या पलीकडच्या वस्त्यांमध्ये आमच्या संस्थेच्या पाच बालवाड्या आणि एक अभ्यासिका आहे. आम्ही सगळे मिळून १४ जण. मागच्या वर्षी टाळेबंदीत घरोघरी शिधा आम्हीच पोचवला, तेव्हा कुणी मागे हटलं नाही. आता, २०२१ मध्ये, कोरोनाच्या लसीची वेळ आली तर सहा जणींनीच पहिला डोस घेतलाय, बाकी आठ जण तयार नाहीत. एक जण म्हणतो, लस घेतलेला माणूस दोन वर्षांत जातो. एकीला पाळीची काळजी आहे. गाडीवरचे भाऊ काही बोलतच नाहीत. आणि एका ताईंचा भाऊ एप्रिलमध्ये लस घेतल्यावर पाचव्या दिवशी तापाने पडला आणि नंतर गेला. त्यांच्यासमोर तर विषयच काढता येत नाही. अध्यक्षांनी आदेश दिलाय की १५ ऑगस्टपर्यंत प्रमाणपत्र न आणणाऱ्यांचं मानधन थांबवायचं. तसं पत्र माझ्या सहीने निघणार आहे. काढू का?
– एक समन्वयक, नागपूर

उत्तर : काढू नका. आणि अध्यक्षांनी फारच धरलं तर म्हणावं, सही तुमची करा.

हे मी शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाहीये. अगदी असंच पत्र मी काढलेलं आहे. एकतीस वर्षं मी नागपुरातल्या संस्थांचे हिशोब लिहिले, अजूनही एका संस्थेत आठवड्यातून तीन दिवस जाते. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली, त्या आठवड्यात मी फलकावर सूचना लावली : ‘प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय मानधनाच्या रजिस्टरवर सही करता येणार नाही.’ दिवस कसे होते ते तुम्हाला ठाऊक आहे. मेडिकल आणि मेयो, दोन्ही सरकारी दवाखान्यांत खाट नाही, घाटावर रांग. मी घाबरलेली होते आणि घाबरलेला माणूस नोटीस काढतो. परिणाम काय झाला? एक शिक्षिका काम सोडून गेली. एका कार्यकर्त्याने मोबाईलवर दुसऱ्याच कुणाचं तरी प्रमाणपत्र आणून दाखवलं. आणि खिचडी करणारी आमची मावशी तीन दिवस आलीच नाही.

मावशीला मी तीनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाली, बीपी आहे. दुसऱ्यांदा म्हणाली, भाचीचं लग्न आहे. तिसऱ्यांदा मी कागद-पेन न घेता, तिच्या चुलीपाशी पाटावर बसून विचारलं. मटार सोलता सोलता ती म्हणाली, ‘‘ताई, सुईले कोण भेते जी? ताप आला त दोन दिवस माही चार घरं सुटते. तेही कापते अन् तुमीही कापता.’’

तुमीही कापता. हे मी मान खाली घालून ऐकलं, कारण कापणारी मीच होते. आपल्या संस्थांमध्ये पगाराला ‘मानधन’ म्हणतात. शब्द मोठा गोड आहे. पण मानधनाला रजा नसते, आजारपण नसतं, आला दिवस मांडायचा आणि न आला दिवस वजा करायचा. माझ्याच हातच्या रजिस्टरमध्ये, लस घेऊन तापाने घरी राहिलेल्या दोन जणींपुढे लाल शाईने ‘गै.’, म्हणजे गैरहजर, लिहिलेलं होतं. वस्तीत जाऊन ‘लस घ्या’ सांगणाऱ्या बायांना लस घेतल्याचा दंड आम्ही केला होता! बाकीच्यांनी ते पाहिलं होतं. मी सोडून सगळ्यांनी.

तेव्हा पत्र काढायचंच तर दुसरं काढा. लशीच्या दिवसाची अर्धी सुट्टी, नंतरचा दीड दिवस तापासाठी, सगळं भरपगारी. ताप आला नाही तरी भरपगारी, डॉक्टरची चिठ्ठी मागायची नाही. खर्च मी मांडून देते, म्हणजे अध्यक्षांपुढे ठेवता येईल. तुमच्याकडचं मानधन सरासरी ७,००० धरलं, तर २६ दिवसांनी भागून दिवसाचे साधारण २७० रुपये. १४ माणसं, दोन डोस, प्रत्येक डोसचे दोन दिवस, म्हणजे ५६ दिवस. झाले १५,१२०. यात आधी लस घेतलेल्या सहा जणींचे कापलेले दिवसही आले. ते परत द्या, आणि सर्वांदेखत द्या. बाकी आठ जणांवर याचा जेवढा परिणाम होईल तेवढा कुठल्याही व्याख्यानाचा होणार नाही. वर्धापनदिनाचे फ्लेक्स आणि हारतुरे एक वर्ष राहू द्या, निम्मी रक्कम तिथेच निघेल.

इथे एक हुशारी तुम्हाला कुणीतरी सुचवेल, ती मीच पूर्वी केलेली आहे : लस शनिवारी दुपारी घ्यायची, म्हणजे ताप रविवारी निघतो आणि संस्थेचा दिवस वाचतो. करू नका. बाईचा आठवड्यातला एक रविवार, त्यात धुणं, दळण, पोरांच्या वह्या, आणि तोही तापात घालवायचा? कामाच्याच दिवशी, दोन-तीन जणांना मिळून पाठवा. सगळे एकदम गेले तर बालवाड्याही बंद पडतील.

आता शंकांचं. प्रत्येकाला एकच माहितीपत्रक वाटून भागत नाही, कारण प्रत्येकाची अडचण निराळी असते. दोन वर्षांत मरण येतं हे व्हॉट्सअॅपवरचं आहे, त्याला आधार नाही. पाळीच्या आधी-नंतर पाच दिवस लस नको, हाही एप्रिलमधला फिरता मेसेज होता. सरकारने तेव्हाच तो खोटा म्हणून सांगितलं. पाळी चालू असतानाही लस घेता येते. अंगावर पाजणाऱ्या आईला चालते, आणि २ जुलै २०२१ पासून गरोदर बाईलाही परवानगी आहे. कोरोना होऊन गेला असेल तर बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं, असा २०२१ चा नियम. कोविशील्ड असो की कोव्हॅक्सिन, लसीतून कोरोना होत नाही. अंगात कणकण येते ती शरीर तयारी करतंय म्हणून. एक-दोन दिवसांत उतरते. जूनमध्ये नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे चिकटतात अशी बातमी आली होती, तेव्हा आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांनी दुपारभर मला पळ्या लावून पाहिल्या. एकही चिकटली नाही.

न बोलणाऱ्या गाडीवाल्या भाऊंना बाजूला घेऊन पुरुष माणसाने विचारावं. आमच्याकडच्याची अडचण निघाली ती अशी, की लस घेतल्यावर दारू कायमची सोडावी लागते असं त्याने ऐकलं होतं. दारूने लसीचा गुण जातो असा पुरावा नाही, असं आरोग्य मंत्रालयानेच म्हटलेलं आहे. त्याला हे कळल्यावर तो दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर पहिला हजर. सुटली असती तर बरंच झालं असतं, पण तो वेगळा प्रश्न.

ज्या ताईंचा भाऊ गेला त्यांना यादीत शेवटी ठेवा. किंवा यादीतच ठेवू नका. लसीचं संरक्षण तयार व्हायला दिवस लागतात, पहिल्या डोसनंतर पाच दिवसांत ते होत नाही. एप्रिलमध्ये नागपुरात संसर्ग इतका होता की लस घेतानाच आजार अंगात असणं सहज शक्य होतं. हे सगळं खरं असलं तरी तुमच्या तोंडून आज ते त्यांना असं ऐकू येईल, की तुझ्या भावाचा हिशोब आम्ही लावून टाकला. त्यांच्या घरी जा. चहा घ्या. भावाबद्दल त्या सांगतील ते ऐका. लसीचं त्यांनी विचारलं तरच बोला, आणि तेही जवळच्या मनपा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी गाठ घालून द्या. तोवर त्यांना मास्क, खिडकीजवळची जागा आणि गर्दी नसलेलं काम. मानधन पूर्ण.

अध्यक्षांना कायद्याचं सांगायचं असेल तर एवढं पुरे : आपल्याकडे लस ऐच्छिक आहे. जून महिन्यात मेघालयच्या उच्च न्यायालयानेही म्हटलं, की लोकांना समजावणं हे काम आहे, पण पोटावर पाय देऊन सक्ती करता येणार नाही.

प्रत्यक्ष नेण्याच्या दिवशीच्या बारीकसारीक गोष्टी, ज्या मला मावशीने शिकवल्या. तिचा मोबाईल मुलाकडे, मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात कामावर. ओटीपी तिथे वाजला आणि आम्ही इथे केंद्रावर बसलो. शेवटी माझ्या नंबरावर नोंद केली. २०२१ च्या नियमाने एका नंबरावर चार जणांची व्हायची, तेव्हा ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही त्यांची जबाबदारी कार्यालयातल्या एकाने घ्यावी. दुसरं, ब्लाउजची बाही. मावशीची बाही दंडावर इतकी घट्ट की वर सरकेना. रांग थांबलेली, नर्सबाई चिडलेल्या, मावशी लाजून उठून जायला निघालेली. दुसऱ्या बाईने पदर आडवा धरला म्हणून निभावलं. ढिल्या बाहीचा ब्लाउज घालून यायला आधीच सांगा. नंतर अर्धा तास बसवतात, त्या वेळात कुणीतरी सोबत असू द्या. मावशी प्लास्टिकच्या खुर्चीवर कूलरसमोर डोळे मिटून बसली होती, मी विचारलं काय होतंय, तर म्हणे, ‘‘काही नाही जी. असं बसाले कधी भेटते?’’

तिचा पहिला डोस १० जूनला झाला. २०२१ च्या नियमाने कोविशील्डला किमान ८४ दिवसांचं अंतर होतं, म्हणून दुसरा २ सप्टेंबरला. कॅलेंडरवर मी गोल केला तेव्हा तिने बोटांवर मोजलं, ‘‘पोळ्याच्या चार दिवस आधी. मंग उतरते ताप. पुरणाचं करनं हाय.’’ तुमच्याकडेही प्रत्येकीची दुसरी तारीख अशी भिंतीवर लिहा. कोव्हॅक्सिन असेल तर २८ दिवसांनी.

आणि लसीच्या निमित्ताने एक काम या महिन्यातच उरका. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा : १८ ते ५० वयाच्या माणसाला, स्वतःच्या बँक खात्यातून, वर्षाचे ३३० रुपये (हा २०२१ चा दर), मृत्यू झाल्यास घरच्यांना २ लाख. तुमच्यातल्या ज्यांचं वय बसतं त्यांचा हप्ता संस्थेने भरावा. त्या दराने १४ जण धरले तरी ४,६२० रुपये. नवीन भरणाऱ्याला पहिले ३० दिवस अपघाताशिवाय लाभ नाही, म्हणून तिसऱ्या लाटेची वाट पाहू नका. ज्या ताईंचा भाऊ गेला, त्यांच्या वहिनीला भावाचं पासबुक शोधायला सांगा. २०२० च्या मे-जूनच्या पानावर ३३० कापल्याची ओळ असेल तर लगेच बँकेत जायचं. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये गेलेल्या कितीतरी लोकांच्या पासबुकात ही ओळ आहे आणि घरच्यांना तिचा अर्थ माहीत नाही.

वस्तीतल्या लोकांसाठी शिबिराचं म्हणाल, तर हिंगणा-बुटीबोरीच्या कंपन्यांकडे जा. आपले कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय सोडून इतरांच्या लसीकरणावर केलेला खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी करायच्या खर्चात, धरता येतो, असं केंद्राने ३० जुलै २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. परिपत्रकाची प्रत सोबत न्या. साहेब लोक ‘बघू’ म्हणतात, कागद दिसला की बसायला सांगतात.

*

प्रश्न : मी काटोल तालुक्यातल्या सहा गावांत एका संस्थेसाठी फिरते. लसीबद्दल जनजागृती करा म्हणून रोज फोटो मागतात, पण मार्चपासून मानधन नाही. विचारलं तर ‘फंड अडकला आहे, सेवाभाव ठेवा’ म्हणतात. पेट्रोल शंभरच्या वर गेलंय. काय करू?
– एक कार्यकर्ती

उत्तर : फंड अडकला असेल, हे खोटं असेलच असं नाही. परदेशी निधीचं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेत उघडायची मुदत जूनअखेर होती, त्यात अनेक संस्था लटकल्या. देशातल्या कंपन्यांचा पैसाही दीड वर्ष कोरोनाकडे वळलाय. पण म्हणून पाच महिने गप्प राहायचं कारण नाही. गावोगाव फिरणाऱ्या सेविकेचं मानधन हा थेट कामाचा खर्च आहे, परदेशी निधीतल्या प्रशासकीय खर्चावरच्या २० टक्क्यांच्या मर्यादेत तो येत नाही. ‘सरकारने मर्यादा घातली’ असं कुणी सांगितलं तर सीएला विचारा म्हणावं. किती महिन्यांचं, किती, कधी देणार, हे लेखी मागा. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करा. रजिस्टरमध्ये शब्द मानधन असो की आणखी काही.

पेट्रोलचे पैसे हातात आल्याशिवाय गाडी काढू नका. गावातल्या आशाताईंना फोनवर याद्या देता येतात.

तुम्ही हजेरीपत्रकाची झेरॉक्स पत्रासोबत पाठवली आहे. तिच्यावर मार्चपासून रोज तुमची आणि पर्यवेक्षकाची सही आहे. मूळ कागद कुणी मागितला तरी देऊ नका.