बेंचवरून थेट घरी: आयटीतल्या नोकरीबद्दल वाचकांचे प्रश्न

आपल्याकडे ‘मुलगा टीसीएसला आहे’ म्हटलं की पुढचे प्रश्न थांबायचे. सरकारी नोकरीच जणू, फक्त एसीतली. हाताशी प्रोजेक्ट नसला तरी ‘बेंच’वर बसवून पगार द्यायचे. जुलै 2025 मध्ये त्याच टीसीएसने मनुष्यबळाच्या 2 टक्के, म्हणजे सुमारे 12 हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, आणि डोंबिवलीपासून बोरिवलीपर्यंत घराघरांत चिंता सुरू झाली. या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं याच विषयाची आहेत. त्यातली पाच घेते.

वय 44. मॅन्युअल टेस्टिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर हाताने तपासण्यात, 19 वर्षं. मार्चमध्ये एचआरने बोलावून राजीनामा द्यायला सांगितलं, मी दिला. नौकरी डॉट कॉमवर दोनशेच्या वर अर्ज केले, बोलावणं दोनदाच आलं. सगळे ऑटोमेशन मागतात. आता या वयात सेलेनियम (आपोआप टेस्टिंग करायचं साधन) शिकू का? (डोंबिवली)

शिका, महिनाभरात हात बसेल. पण त्याने फोन वाजायला लागेल असं मला वाटत नाही. सेलेनियम येणारी पंचविशीतली मुलं तुमच्या निम्म्या पगारात मिळतात. त्यांच्या रांगेत तुम्ही मागेच राहणार.

तुमच्या पत्रात अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य आहे: गेली 11 वर्षं बँकांच्या कर्जाच्या आणि कार्डांच्या सिस्टिम तपासल्या. अहो, हे शेवटी का? व्याज एका दिवसाचं जास्त लागलं, महिनाअखेरीला हप्ता दोनदा कापला गेला, रद्द झालेला व्यवहार उलटा फिरलाच नाही, अशा चुका तुम्ही 11 वर्षं पकडल्यात. सीव्हीच्या पहिल्या ओळीत ‘मॅन्युअल टेस्टर’ऐवजी हे यायला हवं.

मुंबईत आयटीचं काम म्हणजे फक्त आयटी कंपन्या असा आपला समज अंधेरीच्या सीप्झ वसाहतीच्या काळापासून आहे. पण या शहराचा मूळ धंदा पैशाचा. बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, ब्रोकर, एक्स्चेंज सगळे इथेच, आणि त्यांच्यामागे नियमांचा ससेमिरा आहे. रिझर्व्ह बँकेचे आयटी कारभाराचे निर्देश 1 एप्रिल 2024 पासून लागू झाले. सेबीने 20 ऑगस्ट 2024 ला सायबर सुरक्षेची चौकट आणली. सायबर हल्ला झाला की 6 तासांत कळवा आणि 180 दिवसांचे लॉग (सिस्टिममधल्या नोंदी) जपून ठेवा, हा सर्ट-इन या सरकारी सायबर यंत्रणेचा 2022 चा आदेश तर आहेच. यातल्या प्रत्येक नियमामागे कुणीतरी बसून तपासावं लागतं, पुरावे गोळा करावे लागतात, ऑडिटरला उत्तरं द्यावी लागतात. बँकांच्या आतली यूएटीची (नवी सिस्टिम सुरू करण्याआधी बँक स्वतः करते त्या तपासणीची) टीम, आयटी ऑडिट, व्हेंडरवर देखरेख, ही खाती बघा. मोठ्या बँकांइतकंच सहकारी बँकांकडेही बघा. तिथेही नियम आहेत, माणसं मात्र कमी. पगार कमी मिळेल, हे आधीच सांगते. सीसा (CISA) ही आयटी ऑडिटरची परीक्षा द्यायचा विचार करा. ऑडिटकडे वळायचं तर त्या चार अक्षरांना वजन आहे.

आणि अर्ज थोडे कमी करून फोन करा. यूएटीला तुमच्यासमोर बसणारा बँकेचा माणूस आठवतो? शुक्रवारी रात्री रिलीजला तुमच्याबरोबर जागलेला? तो आज कुठल्यातरी बँकेत एव्हीपी (असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट) असेल. त्याला तुमचं काम माहीत आहे, पोर्टलला नाही.

एक राहिलं. राजीनामा लिहून दिला म्हणून ग्रॅच्युइटी बुडत नाही. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा शेवटचा पगार (नोव्हेंबर 2025 पर्यंत तो बेसिक आणि महागाई भत्ता एवढाच असायचा) 15 ने गुणून 26 ने भागायचा, मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. हा पगार 60 हजार आणि त्या कंपनीत 12 वर्षं असतील, तर सुमारे 4 लाख 15 हजार होतात. ‘दोन महिन्यांचा जादा पगार देतोय ना’ असं सांगून ही रक्कम त्यातच धरलेली मी पाहिली आहे. फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशोबाचा, कागद घरी आणा, ओळ न् ओळ वाचा, मगच सही करा.

एआयचा 85 हजारांचा कोर्स आहे, सहा महिन्यांचा, ‘प्लेसमेंट असिस्टन्स’सह. करू का? (विलेपार्ले)

नको. ‘असिस्टन्स’ म्हणजे नोकरीची हमी नव्हे. जे काम आज हाताने करता, त्यातलं एक काम फुकटच्या साधनांनी निम्म्या वेळात करून दाखवा आणि मुलाखतीत तेच सांगा. 85 हजारांत तीन-चार महिन्यांचं वाणसामान येतं.

2024 ला बीई कॉम्प्युटर झालो. फ्रेशर म्हणून कुणी उभं करत नाही. अंधेरीची एक कन्सल्टन्सी दीड लाखात दोन वर्षांचा अनुभव ‘दाखवून’ देते, ऑफर लेटर आणि सॅलरी स्लिपसकट. बाबा म्हणतात, भरून टाकू. (कल्याण)

बाबांना हे उत्तर वाचून दाखव. तुला अरे-तुरे करतेय, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस.

हा खोटा अनुभव पूर्वी खपायचा, कारण तपासणारा त्या कंपनीला फोन करायचा आणि फोन उचलणारा कन्सल्टन्सीचाच माणूस असायचा. आता बहुतेक ठिकाणी तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, घेतात. कुठल्या कंपनीने कुठल्या महिन्यापासून तुझा पीएफ भरला, ते तिथे दिसतं. दोन वर्षांची नोकरी आणि पीएफचा एक रुपया नाही, टीडीएसही नाही? 2022 मध्ये विप्रोने एकाच वेळी दुसरीकडे काम करणाऱ्या 300 जणांना काढल्याचं कंपनीच्या अध्यक्षांनीच सांगितलं होतं. काम खरं करणाऱ्यांची ही गत, तर तुझं काय होईल? पकडला गेलास की त्या कंपनीचं दार कायमचं बंद. आणि दीड लाख परत मागायला कन्सल्टन्सीत गेलास, तर ऑफिसात नवी पाटी लागलेली असेल. चांगली कन्सल्टन्सी आपले पैसे कंपनीकडून घेते, उमेदवाराकडून नाही.

मग काय करायचं? तुझ्या पत्रात मामांचं भिवंडीत कापडाचं गोदाम आहे असं आलंय. 5 कोटींवर उलाढाल असलेल्या धंद्यांना ऑगस्ट 2023 पासून जीएसटीचं ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. तरी कितीतरी ठिकाणी आजही टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून आकडे काढून मुनीम ते पोर्टलवर पुन्हा टाइप करतो आणि एक आकडा चुकला की दुपार जाते. ते टॅलीला नीट जोडून दे. मामांचं झालं की शेजारच्या गाळ्याचं. बिल फाड, कच्चं नको, पक्कं. सहा महिन्यांत तीन गिऱ्हाइकांचं काम झालं तर तो अनुभव आहे, आणि त्याबद्दल कुणी काहीही विचारलं तरी तुला उत्तर देता येईल. कॅम्पसच्या मुलांना नाही येणार.

सोबत नॅट्सच्या पोर्टलवर नाव नोंदव. पदवीधरांसाठीची ही सरकारी अप्रेंटिसशिप आहे, साधारण वर्षाची. पश्चिम विभागाचं कार्यालय आपल्या सायनलाच आहे. स्टायपेंड थोडा असतो, पण मिळणारा कागद खरा.

यांची नोकरी गेली हे मला त्यांच्या मित्राच्या बायकोकडून कळलं. दोन महिने हे रोज 8:12 ची लोकल पकडतात, डबा घेऊन जातात, सातला परत येतात. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. काय करू? (मुलुंड)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

2009 च्या फेब्रुवारीत महापेच्या एका कंपनीने मला दुपारी तीन वाजता ओळखपत्र जमा करायला सांगितलं. पुढचे नऊ दिवस मी ठाण्याहून गाडी पकडून वाशीपर्यंत जायचे आणि स्टेशनातच बसायचे. वाशी स्टेशनच्या डोक्यावर इन्फोटेक पार्क आहे. वर लोक कामाला, खाली मी डबा उघडून. दहाव्या दिवशी सासूबाईंनी डबा भरता भरता विचारलं, ‘आज घरीच जेवतेस का?’ त्यांनी एवढंच विचारलं. कधीपासून माहीत होतं, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तुम्हाला यापेक्षा चांगला उपाय मी सुचवू शकत नाही. रविवार नको, घरात सगळे असतात. सोमवारी सकाळी, मुलं शाळेत गेल्यावर. मित्राच्या बायकोचं नाव काढू नका.

नंतरचं मात्र लगेच करा. कंपनीचा मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपतो, म्हणजे तुमचं घर आत्ता बहुधा विम्याशिवाय आहे. साधी फॅमिली फ्लोटर, म्हणजे अख्ख्या घराची एकच पॉलिसी, आधी घ्या. घराचा हप्ता चुकण्याआधी बँकेत जा. चुकण्याआधी गेलेल्याशी बँक वेगळं बोलते. पीएफला शक्यतो हात लावू नका. सलग पाच वर्षं भरायच्या आत काढला तर त्यावर कर लागतो. जुन्या कंपनीतून ट्रान्सफर केलेली वर्षं यात धरली जातात, तेवढं बघून घ्या.

बँकॉकला ‘आयटी सपोर्ट’ची ऑफर आली आहे. पगार 90 हजार, तिकीट त्यांचं, मुलाखत टेलिग्रामवर दहा मिनिटांची. पासपोर्टची कॉपी पाठवली आहे, आता एजंट मूळ पासपोर्ट मागतोय. (विरार)

जाऊ नकोस. अशा ऑफरवर बँकॉकला उतरलेल्या मुलांना गाडीत घालून सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावड्डीत नेलं गेलं आणि तिथे कुंपणाच्या आत ऑनलाइन फसवणुकीची कामं करायला लावली. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा शेकडो भारतीयांना परत आणलं. टुरिस्ट म्हणून उतरवून नोकरी देतो म्हणणारा तिथेच खोटा ठरतो.

एजंटचा परवाना क्रमांक माग आणि ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपास. परवाना असलेला एजंटसुद्धा उमेदवाराकडून 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेऊ शकत नाही. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर सगळे मेसेज, नंबर जपून ठेव आणि पोलिसांत जा. मूळ पासपोर्ट कुणाच्याही हातात द्यायचा नाही. हे छापून येईपर्यंत दिला असशील, तर आजच जाऊन परत माग, एकटा नको, घरातल्या कुणाला तरी बरोबर ने.