गच्चीवरच्या कुंड्यांत रोज थोडी थोडीच भाजी निघते. रात्रीच्या साध्या जेवणाला त्यातून काय करावं?

आठवड्याचा मेनू मागितलाय तुम्ही. तो काही माझ्याकडून मिळायचा नाही. दोडका सोमवारी निघणार की गुरुवारी हे वेल ठरवतो, आणि पावसाची झड लागली की वेलाच्याही हातात काही राहत नाही. पण तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य आहे, "सासरचं कोणी आलं तर एवढ्याशा भाजीची लाज वाटते," ते मला झोंबलं. म्हणून लिहायला बसले. एरवी मी इथे नुसती वाचत असते.

तुम्ही सांगितलेला हिशोब असा: घरात चौघं, गच्चीवर कुंड्या, आणि एका दिवशी निघतात दोन दोडके, पाच-सहा भेंड्या, कधी मूठभर पाला. अहो, आमच्याकडे नागपुरात मानेवाड्याला घरामागे चांगली सांदवाडी, म्हणजे परसबाग आहे, कुंपणाच्या भिंतीवर वेल चढवलेत, तरी रोजचं पीक याहून फार नसतं. घरची भाजी अशीच निघते. तिला जोड लागते, बस. मूगडाळ, चणाडाळ, बेसन, कण्या, नाहीतर ताक. दोन दोडके असले तर मूगडाळ घाला, चौघांना पुरतात. पाच भेंड्यांची परतून भाजी करायला जाल तर एकेकाच्या ताटात एकेक चमचा येईल. त्याच भेंड्या परतून कढीत सोडा, भातावर सगळ्यांना वाटी वाटी मिळेल. मूठभर मेथीचं काहीच होत नाही असं वाटतं, पण ती बेसनात गेली की पातेलंभर चून, म्हणजे पिठलं होतं. सोबत ज्वारीची भाकर, कांदा, आणि एखादी चटणी. रात्रीला आणखी काय लागतं?

आता "आणखी काय लागतं" हे ज्यांना पटत नाही त्यांची गोष्ट सांगते.

२०२३ ला अधिक श्रावण आला होता. १८ जुलैला लागला, १६ ऑगस्टला संपला, म्हणजे ऐन झडीचे दिवस. लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना, म्हणून जावईबापूंना बोलावलं. माझ्या मोठ्या नणंदबाई आर्वीहून आधीच येऊन ठाकल्या. जावयाचं कसं करायचं ते मला कळत नाही, हे त्यांचं पहिल्यापासूनचं मत. दुपारचं जेवण मग त्यांच्या मनाप्रमाणे झालं. पुरणपोळ्या आणि वर तुपाची धार, कढी, भजी, वडे, खीर, आणि वाणाचे ३३ अनारसे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सणाचं जेवण सणासारखंच पाहिजे.

पण पाच वाजले नाहीत तर नणंदबाईंनी पुन्हा कढई चढवायला काढली. बेत काय, तर पनीरची भाजी, मटारचा भात आणि पुऱ्या. मटार, जुलैत! बर्फाचा. पनीर आणायला ह्यांना भर पावसात पिटाळायच्या तयारीत होत्या. इकडे जावईबापू दिवाणावर आडवे, तोंडात ओव्याची चिमूट. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाले, "आई, रात्रीला काही साधं करता का? भाकर वगैरे."

पाहुणा स्वतःच्या तोंडानं सांगून राहिला, मग मी कोणाचं ऐकू?

पाऊस जरा उघडला होता. मागे जाऊन वेलावरचे दोडके काढले. दोडका घेताना देठाजवळ नख दाबून बघते मी. सहज रुतलं तर कोवळा, नाहीतर बियांसाठी सोडून द्यायचा. चिरायच्या आधी देठाकडची एक चकती चावून बघायची, ही सवय सोडू नका. कारण खाली सांगते.

शिरा सोलून बाजूला ठेवल्या. तासभर भिजलेली मूगडाळ होतीच. फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, हिरव्या मिरच्या, मग दोडका आणि डाळ, आणि झाकणावर पाणी. कढईत पाण्याचा थेंबही टाकला नाही, दोडका आपलं आपण सोडतो. मीठ शेवटी. कढईभर दिसणारा दोडका शिजून बसला की निम्माही उरत नाही, आणि आधीच अंदाजानं घातलेलं मीठ मग डोळ्यांत पाणी आणतं. वरून कोवळा सांबार, म्हणजे कोथिंबीर.

आणि त्या शिरांची चटणी. ही मात्र नीट सांगते, कारण सगळा तमाशा तिच्यावरून झाला. शिरा बारीक चिरायच्या आणि लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात मंद आचेवर टाकायच्या. आधी पाणी सुटतं, नुसतं चुर्र होत राहतं, काही होतच नाही असं वाटतं. मग कडा तपकिरी होतात आणि हिरवा कच्चा वास जाऊन भाजका वास सुटतो. बहुतेक जणी इथेच गॅस बंद करतात आणि मग चटणी चामट लागते. अजून थांबायचं. चिमटीत धरल्यावर शीर वाकली नाही, मोडली, की झाली. त्याच तव्यावर तीळ, सुकं खोबरं, जिरं आणि हिरवी मिरची परतून मीठ घालून खलात ठेचायचं. मिक्सरमध्ये फिरवाल तर पीठ होईल. एरवी मी लसूण सढळ हातानं घालते, पण नणंदबाई चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं काही खात नाहीत, म्हणून त्या दिवशी लसूण वगळला आणि तीळ वाढवले. एवढं त्यांचंही पाहिलं मी.

जावईबापूंनी चटणीवर कच्चं तेल घेतलं, भाकरीशी खाल्ली, परत मागितली. नणंदबाईंनी विचारलं, "कशाची चटणी आहे वं?" मी सांगितलं. त्या जेवताना काही बोलल्या नाहीत. बोलल्या ते नंतर. आणि तेव्हापासून बोलूनच राहिल्या. कोणाची हळद असो, कोणाचं बारसं असो, पंगत बसली की सुरू: "आमच्या भावजयीनं धोंड्याच्या जावयाला दोडक्याची सालं वाढली बापा!" सगळे हसतात. ह्यांना विचारलं तर म्हणतात, तिचंही बरोबर, तुझंही बरोबर. असली माणसं घरात असली की भांडण वर्षानुवर्षं टिकतं.

मी पंगतीत कधी उलट बोलले नाही, पण तुमच्या निमित्तानं बोलून घेते. नणंदबाई हे ज्या पंगतीत बसून सांगतात, त्याच पंगतीत त्या डाळभाजी दोनदा वाढून घेतात. आपल्या विदर्भात लग्नाची पंगत डाळभाजीशिवाय होत नाही. काय असतं तिच्यात? पालक आणि डाळ. तूरडाळ, थोडी चणाडाळ, भिजवलेले शेंगदाणे, पालक, असला तर आंबट चुका, सगळं शिजवून घोटायचं आणि लसूण-लाल मिरचीची खमंग फोडणी द्यायची. लग्नात वाढला की मान, आणि तोच पाला मी रात्री घरी वाढला की कंजूषपणा? विकत आणलं तर पाहुणचार आणि घरी पिकवलं तर गरिबी, हे गणित मला कधी समजलं नाही. पनीरवर माझा राग नाही, पण ते पिशवी फोडून कोणीही करतं. दोडक्याच्या वेलाला जूनपासून पाणी कोण घालत होतं? फळमाशीनं डंख मारलेले दोडके रोज सकाळी कोण वेचून फेकत होतं?

तेव्हा सासरच्यांची लाज वगैरे सोडा. फक्त एक करा: कमी भाजी आहे म्हणून चार प्रकार थोडे थोडे करू नका. ते खरंच केविलवाणं दिसतं. एकच करा, पातेलंभर करा, गरम भाकर तव्यावरून थेट ताटात द्या. पाहुण्याला गरम भाकरीपुढे दुसरी भाजी आठवत नाही. आणि कृपा करून दोडक्यात, पालकात सावजी मसाला टाकू नका. तो वांग्यात टाका, रश्शात टाका. दोडक्यात टाकायचा तर दोडका लावलाच कशाला?

हंगामाचं विचारलं होतं, ते थोडक्यात. पावसाळ्यात दोडका, भेंडी, चवळीच्या शेंगा, अंबाडी. अंबाडी शिजवून तिचं आंबट पाणी काढून टाकायचं, ज्वारीच्या कण्या घालून घोटायची आणि वरून लसणाची फोडणी. एक जुडीही चौघांना पुरून उरते. दिवाळीनंतर मेथी, पालक, सांबार, मुळा हे कुंडीत सगळ्यात सोपे. नागपूरची थंडी त्यांना मानवते, पण टमाट्याला नेहमीच मानवते असं नाही. २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ वर गेला होता, तेव्हा आमच्या झाडांची फुलं गळून गेली होती. याच दिवसांत तुरीचे सोले, म्हणजे हिरवे दाणे येतात. कुंडीत तूर फारशी होत नाही, ते बाजारातूनच आणा, पण घरचं एक वांगं आणि वाटीभर सोले असले की रश्शाची भाजी अशी होते की दुसऱ्या दिवशी शिळीही भांडून खातात. उन्हाळ्यात फार आशा धरू नका. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा चढतो, त्यात गच्चीवरची कुंडी वरून, खालून आणि बाजूनं तिन्हीकडून तापते. चिवळ ही पालेभाजी मात्र येते. ती मूगडाळीत घाला. ढेमसेही येतात, जमिनीत लावले तर.

ढेमशावरून आठवलं. २०२६ ला पुन्हा धोंड्याचा महिना, अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. त्या उन्हात दोडका कुठला? ढेमसेच असणार. चणाडाळ घालून ढेमशाची भाजी करणार आहे रात्रीला, आणि नणंदबाईंना आधी फोन करून सांगणार आहे. लेक म्हणते, आई, कशाला डिवचतेस. पण तिच्याच घरी शिरांची चटणी आता जावईबापू स्वतः करतात, हे ती आत्याला सांगत नाही. सांगायला पाहिजे की नको?

बरं, काही गोष्टी राहिल्या. दोडका किंवा दुधी चाखताना कडू लागला तर सरळ फेकून द्या. मीठ-गूळ घालून कडूपणा झाकायला जाऊ नका. कडू निघालेला दोडका किंवा दुधी खाऊन उलट्या-जुलाब होतात, कधी दवाखान्यात न्यावं लागतं. यात काटकसर नको. घरात कोणाला मुतखड्याचा त्रास असेल तर पालक आणि चुका रोज रात्री नको, डॉक्टरांना विचारून घ्या. अंबाडी, चुका अॅल्युमिनियमच्या भांड्यात शिजवू नका. भेंडी आज तोडायची ती आजच तोडा, दोन दिवस झाडावर राहिली की दोरखंड होते. कमी असतील तर न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि उद्याच्यांत मिळवा. दोडका एखाद दिवस वेलावर थांबतो.

आणि कुंड्या गच्चीच्या कोणत्या बाजूला आहेत ते लिहा. पश्चिमेला असतील तर मार्च लागायच्या आत हिरवी जाळी बांधून घ्या, नाहीतर पुढच्या प्रश्नात तुम्ही भाजीचं विचारणारच नाही.