मीटरवर 42 डेसिबलच दिसतात, तरी आवाजाने झोप लागत नाही. मीटर चुकतोय का?

तुम्ही लिहिलंय की शेजारच्या इमारतीतला ब्लोअर रात्रभर घुमत राहतो, डोकं भणभणतं आणि मीटर मात्र 42 वर अडून बसतो. मीटर बहुतेक बरोबरच आहे. तो 'ए' या सेटिंगवर असणार, आणि घुमणारा, म्हणजे खर्जातला आवाज एकट्या 'ए' वर पुरता सापडत नाही. तुमचा त्रास खरा आहे, तो मनाचा खेळ समजू नका.

मी बरीच वर्षं आवाज मोजायचंच काम करतोय. मीटरचा माइक हवेच्या दाबातली चढउतार टिपतो आणि 20 मायक्रोपास्कलच्या तुलनेत ती किती, हे डेसिबलमध्ये सांगतो. पण आकडा पडद्यावर यायच्या आधी तो गाळला जातो. आपल्या कानाला खर्जातलं कमी ऐकू येतं, म्हणून 'ए' ही गाळणीही खर्ज कापते: 1000 हर्ट्झला काहीच वजा नाही, 100 हर्ट्झला 19 डेसिबल वजा, 50 हर्ट्झला तब्बल 30. 'सी' ही मीटरमधली दुसरी गाळणी मात्र 50 हर्ट्झलाही जेमतेम एक-दीड डेसिबलच कापते.

तेव्हा आज रात्री खिडकी लावून, एकाच जागी उभं राहून, आधी 'ए' वर आणि मग 'सी' वर वाचन घ्या. फरक 15-20 च्या वर गेला तर दुखणं खर्जाचं आहे. एका घरात मला 'ए' वर 38 आणि 'सी' वर 61 मिळाले होते. मीटर हातात धरून खोलीच्या मधून पलंगाच्या कोपऱ्याकडे चालत गेलो, तर 'सी' चा आकडा आणखी 6 ने चढला. खर्जाच्या लाटा भिंतींवरून परत येऊन कोपऱ्यात साचतात, आणि नेमकी उशी तिथेच होती. म्हणून उशीपाशीही मोजा. मीटरमध्ये ऑक्टेव्ह बँडची, म्हणजे खर्जापासून तीव्र सुरापर्यंत आवाज पट्ट्यांत वाटून मोजायची सोय असेल तर फारच छान, कोणत्या पट्ट्यात आवाज उंच आहे ते लगेच कळतं.

ठोक्यांचे आवाज, म्हणजे हातोडा, पंचिंग प्रेस वगैरे, यांची गोष्ट वेगळी. तिथे वेळेची सेटिंग महत्त्वाची. 'फास्ट' वर मीटर 125 मिलिसेकंदांच्या हिशेबाने सरासरी काढतो, 'स्लो' वर एका सेकंदाच्या. ठोका 10 मिलिसेकंदांचा असेल तर फास्टवर तो 11 डेसिबलने कमी दिसतो आणि स्लोवर 20 ने! प्रेसजवळ उभं राहिल्यावर कान दुखतायत आणि स्लोवरचा आकडा शांत, हे मी अनेकदा पाहिलंय. कानाला इजा होईल का हे बघायचं असेल तर 'सी-पीक' लावा, तो 'सी' गाळणीवरचं क्षणातलं सर्वात उंच टोक दाखवतो, सरासरी काढतच नाही.

वाहतुकीसारखा कमी-जास्त होणारा आवाज असेल तर एल-ईक्यू, म्हणजे सगळ्या वेळेची मिळून एक सरासरी पातळी घ्या. ती ऊर्जेची सरासरी असते, साधी नव्हे. 59 मिनिटं 60 डेसिबल आणि एकच मिनिट 90, तर तासाची एल-ईक्यू येते सुमारे 72.5. त्या एका मिनिटाने सगळा तास वर ओढला. सोबत एल-90, म्हणजे 90 टक्के वेळ आवाज जिच्या वरच असतो ती पातळी, पाहिली की मागचा कायमचा आवाज किती तेही कळतं.

मोजण्याआधी माइकवर कॅलिब्रेटर (ठरावीक आवाज देणारं छोटं यंत्र) लावून 94 डेसिबल येतात का बघा, आणि वारा असेल तर माइकवर फोमचा गोळा हवाच. फोनवरच्या ॲपवर खर्जासाठी विसंबू नका, तो माइक बोलण्यासाठी बेतलेला असतो.

आणखी एक. ब्लोअर बंद असतानाचाही आकडा त्याच जागी घ्या. चालू-बंद यांत 10 डेसिबल किंवा जास्त फरक असेल तर चालू असतानाचा आकडा जवळजवळ सगळा ब्लोअरचाच धरा. 3 पेक्षा कमी असेल तर त्या मोजणीवरून ब्लोअरबद्दल काहीच ठामपणे सांगता येणार नाही. मग बाकी सगळं शांत असेल अशा वेळी, पहाटे तीन-चारला पुन्हा मोजा.