पोनीच्या तोंडाला मोठ्या घोड्याचा गॅग नको

तुमच्याकडे तीन पोनी आहेत, त्यांच्या दातांच्या तपासणीसाठी सामान घ्यायचंय आणि मोठ्या घोड्याचा एक जुना माउथ गॅग (तोंड उघडं धरून ठेवणारी लोखंडी चौकट) स्वस्तात मिळतोय, तो घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. तो घेऊ नका.

पोनीचं डोकं लहान असतं, पण दाढा त्या मानाने लहान नसतात. त्यामुळे तोंडात आधीच दाटी असते. मोठ्या गॅगच्या, दातांवर टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या पटाशीच्या दातांच्या बाहेर येतात, ओठात आणि हिरडीत रुततात आणि पोनीने जीभ ढकलली की सरकतात. माझ्या सुरुवातीच्या काळात गॅग असाच सरकला, पोनीने मान झटकली आणि ती लोखंडी चौकट माझ्या मनगटावर आदळली. तेव्हापासून गॅग लावायचा तो पशुवैद्यकांनी गुंगीचं इंजेक्शन दिल्यावरच, हा माझा नियम आहे.

घेताना समोरच्या सहा पटाशीच्या दातांची रुंदी मोजा आणि पट्ट्या तेवढ्याच रुंदीच्या घ्या. डोक्यावरचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळल्यावर घट्ट बसतो का, तेही पाहा. दोन्ही बाजूंचे खटके बारीक टप्प्यांनी उघडणारे आणि पटकन सुटणारे हवेत. एखादी पोनी म्हातारी असेल, पटाशीचे दात पडले असतील, तर हिरडीवर टेकणाऱ्या वेगळ्या पट्ट्या लागतात. आणि गॅग पूर्ण ताणून ठेवू नका. जबड्याच्या सांध्यावर ताण येतो, मधेमधे मिटून विसावा द्या.

गॅगनंतर पैसे घालायचे ते उजेडावर आणि आरशावर. हातातली बॅटरी उपयोगाची नाही, कपाळावरचा चांगला दिवा घ्या. आरसा लांब दांड्याचा आणि तिरका हवा. वापरण्यापूर्वी कोमट पाण्यात बुडवा, म्हणजे श्वासाने धूसर होत नाही. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने वरच्या दाढांना गालाकडून आणि खालच्यांना जिभेकडून धार येते. ती बोटालाही कळते. पण दोन दाढांच्या फटीत अडकून कुजलेलं गवत आणि त्याखालची हिरडीतली खाच बहुतेकदा आरशातच सापडते, आणि पोनीला खरा त्रास तिथेच होतो. चघळलेल्या गवताचे गोळे तोंडातून पडताना दिसले, तर आधी तिथे बघा. त्यासाठी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई आणि तोंड धुवायला मोठी पिचकारी ठेवा. एकीचं झालं की दुसरीला लावण्याआधी सगळं सामान जंतुनाशकात धुवायचं.

दात घासायची कानस मात्र घेऊ नका. घोड्याचा दात वर्षाला साधारण 2 ते 3 मिलिमीटरच वर येतो, जास्त घासला गेला तर भरून यायला फार काळ जातो. ते काम पशुवैद्यकांचं.

तपासणी वर्षातून एकदा पुरते. वय अडीच ते साडेचार असेल तर दर सहा महिन्यांनी करा, कारण तेवढ्या काळात 24 दुधाचे दात पडून नवे येतात. तिघींची वयं आणि सर्वांत लहान पोनीच्या पटाशीच्या दातांचं माप कळवा, पट्ट्यांचं नेमकं सांगता येईल.