आधी जागा बघ, मग पदवी

"सर, शैक्षणिक प्रशासनात एम.ए. करू की एम.एड., पगार कशाने जास्त वाढेल?" तुझा मेसेज वाचून आधी चिडलोच. फी सांगितलीस, सिलॅबस पाठवलास, 'थेट प्रिन्सिपल व्हा' वाली जाहिरातही पाठवलीस, पण तुझ्या शाळेची सेवाज्येष्ठता यादी कधी डोळ्यांनी बघितलीयेस का, ते लिहिलंच नाहीस. आधी जागा बघ गं, मग पदवी.

अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक कोण होणार हे महाराष्ट्राच्या खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांची 1981 ची नियमावली ठरवते. पदवी, बी.एड., 5 वर्षांचा अनुभव, आणि मग ज्येष्ठता. तिच्या अनुसूची 'फ' मध्ये, म्हणजे ज्येष्ठता ठरवायच्या यादीत, बी.ए. बी.एड. आणि एम.ए. बी.एड. एकाच 'क' प्रवर्गात बसतात. म्हणजे तू दोन वर्षं रात्री जागून असाइनमेंटं लिहिणार आणि यादीत तुझ्या पुढचा माणूस पुढेच राहणार. आत्ता शिक्षणसेवक, म्हणजे कायम होण्याआधी ठरावीक मानधनावर शिकवणारी, म्हणून 18,000 मिळतात, कायम झालीस की मूळ वेतन 38,600 आणि दरवर्षी 3 टक्के वाढ, एम.एड. असो नसो. निवडश्रेणीला, म्हणजे पुढच्या वरच्या वेतनश्रेणीला, पदव्युत्तर पदवी लागते, मान्य, पण ती 24 वर्षांनी आणि तीही 20 टक्के लोकांनाच. तोवर तुझी पोरं कॉलेजात जातील!

मी एम.एड. होतो, ज्येष्ठही होतो, तरी संस्थेने मला डावलून दुसऱ्याला खुर्चीवर बसवलं. शाळा न्यायाधिकरणात जा असं सगळे सांगत होते. नाही गेलो. दहावीचा वर्ग सोडून तारखा करत फिरणं मला जमलं नसतं, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. बरं, वाटतं थोडं, पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी असते ना, दर महिन्याला आकडा दिसतो. पण एम.एड.ने मला शिकवायला शिकवलं, ते फुकट गेलं असं कोणी म्हटलेलं मी अजून ऐकून घेत नाही.

पैशासाठीच करायचं असेल तर सरळ तुझ्या विषयात, इतिहासात, एम.ए. कर, 50 टक्क्यांच्या वर. ज्युनिअर कॉलेजची जागा त्यावर मिळते. केंद्रीय विद्यालयाच्या प्रिन्सिपलची थेट भरती असते, मूळ वेतन 78,800 पासून, तिथेही मास्टर्स, बी.एड. आणि अनुभवाची वर्षं मोजतात. बघ, परत तेच, जागा आधी. विनाअनुदानित बी.एड. कॉलेजांचं विचारू नकोस, तिथे सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, असं माझ्या बरोबरच्या दोघांचं झालंय.

सोमवारी ऑफिसात जा आणि क्लार्क भाऊसाहेबांकडे यादी माग, संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर पदांचा कागद, तोही बघ, मुख्याध्यापकाचं पद मंजूर आहे का ते त्यात कळेल. पुढच्यांच्या जन्मतारखा उतरवून घे, कोण कधी रिटायर होतंय ते मांड. 'कशाला हवी' म्हणाले तर म्हण, दरवर्षी सही घेता ना, मग वाचू द्या. आणि मग फोन कर, मेसेज नको.